विमानाच्या सांगाड्यातला तडा: वाढीचा हिशेब आणि तपासणीचं वेळापत्रक

उडत्या विमानाच्या सांगाड्यात तडे असतात. काही इतके बारीक की कुठल्याच उपकरणाला सापडत नाहीत, काही सापडण्याजोगे असूनही अजून कुणाच्या नजरेला पडलेले नसतात. नवं कोरं विमान कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हाही त्याच्या हजारो रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) भोकांपैकी एखाद्यात ड्रिलचा ओरखडा राहिला असणार, असं धरूनच आज डिझाइन होतं. म्हणून 'तडा आहे का?' एवढं विचारून भागत नाही. तो कुठे असेल, दर उड्डाणाला किती वाढेल, किती वाढला की भाग तुटेल, आणि तुटायच्या आधी तो आपल्याला निदान दोनदा सापडण्याची संधी मिळेल का, हे विचारावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं ओळीने काढण्याच्या पद्धतीला डॅमेज टॉलरन्स म्हणतात.

गोव्यात फर्मागुडी, वेर्णे, झुआरीनगर, कुंकळ्ळीला मेकॅनिकल शिकणारी मुलं, एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) परीक्षांची तयारी करणारे, आणि दाबोळी-मोपाच्या विमानतळांवर लाइन मेंटेनन्समध्ये नव्याने लागलेले पेडणे-डिचोलीकडचे तरुण डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. गणित बारावीच्या पुढचं नाही. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, आकडे स्वतः काढा. नुसतं वाचून हा विषय हाताला लागत नाही.

इथवर आपण कसे आलो

सुरुवातीची पद्धत सेफ-लाइफची होती. नमुना भाग यंत्रावर हलवून तोडायचा, जितकी चक्रं टिकला त्याला तीन-चारने भागायचं, आणि तेवढं आयुष्य झालं की भाग काढून टाकायचा. लँडिंग गिअर आणि हेलिकॉप्टरचे कितीतरी भाग आजही याच पद्धतीने चालतात, कारण त्यांच्या कठीण पोलादात तडा सापडण्याजोगा होतो तेव्हा तुटायला फारच थोडा अवधी उरलेला असतो.

१९५४ साली दोन कॉमेट विमानं (ब्रिटिश प्रवासी जेट) भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, जानेवारीत एल्बाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ. इंग्लंडमधल्या फार्नबरोला तिसऱ्या कॉमेटचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला, तेव्हा उत्तर मिळालं: पत्र्यात कापलेल्या खिडकी-खाचांच्या कोपऱ्याशी फटीगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकल्याचा, तडा जात होता. त्यानंतर फेल-सेफचा विचार रुजला. एक भाग तुटला तर भार शेजारच्या भागाने उचलावा. विचार चांगला होता, पण अर्धाच. १४ मे १९७७ रोजी लुसाकाला उतरणाऱ्या बोइंग ७०७ मालवाहू विमानाचा उजवा आडवा शेपटीपंख निखळून पडला. रचना फेल-सेफ होती. पण पहिला भाग तुटला आहे हे कुणी वेळेत पाहिलंच नाही, तर दुसऱ्या भागाने भार उचलून काय उपयोग? तो बिचारा एकटाच थकत राहतो.

त्याआधी डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकी हवाईदलाच्या एफ-१११ चा पंख जेमतेम शंभरेक तास उडून झाल्यावर तुटला होता. पंख जिथे फिरतो त्या पोलादी फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या भागात) बनवतानाच दोष राहून गेला होता. सेफ-लाइफच्या चाचण्या अशा दोषाला पकडू शकत नाहीत, कारण चाचणीतला नमुना निर्दोष असतो. या दोन्ही घटनांतून १९७० च्या दशकात नियम बदलले, आधी लष्करी आणि १९७८ मध्ये प्रवासी विमानांचे: दोष पहिल्या दिवसापासून आहे असं धरा, तो कसा वाढेल ते मोजा, आणि तपासणी त्यावरून ठरवा.

पायरी पहिली: जागा निवडा

सगळं विमान मोजत बसायचं नाही. जे भाग तुटले तर विमान जाईल तेवढेच घ्यायचे. पंखाच्या खालच्या बाजूचा पत्रा आणि स्पारची, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईची, खालची कॅप (उडताना पंख वर वाकतो, म्हणून खालची बाजू ताणली जाते), पंख-धड जोडाचे लग (पिन बसणारे भोकाचे कान), फ्यूजलाजचे म्हणजे धडाचे लॅप जॉइंट (पत्र्यावर पत्रा चढवून केलेले जोड), दारं-खिडक्यांचे कोपरे, मागचा प्रेशर बल्कहेड (केबिनचा दाब अडवणारी भिंत), शेपटीचे जोड. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी लिहा: भार जायला एकच वाट आहे की अनेक, आणि तिथे डोळा किंवा प्रोब पोहोचतो का. दुसरी गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा असतो.

हे डोळ्यांनी शिकायचं असेल तर बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय गाठा. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशन अशी खरी विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. हात न लावता रिव्हेटच्या ओळी पाहा, कुठे दोन पत्रे एकावर एक आले आहेत ते पाहा, दाराच्या कोपऱ्याला जास्तीचा पत्रा कुठून कुठवर आहे ते वहीत काढा. सी हॉक आणि अलिझे जहाजावर मावावीत म्हणून त्यांचे पंख दुमडतात. त्या बिजागरीच्या लगपाशी थांबा आणि स्वतःला विचारा, हा लग तुटला तर भार कुठून जाईल? एका दुपारी एवढं केलंत तरी पुस्तकातली चित्रं वेगळी दिसायला लागतात.

पायरी दुसरी: भाराची चक्रं

तडा वेळेने नाही, ताण कमी-जास्त होण्याने वाढतो. प्रवासी विमानाच्या फ्यूजलाजला एका उड्डाणात एक मोठं चक्र बसतं: वर जाताना आत दाब भरतो, उतरताना जातो. म्हणून फ्यूजलाजचं वय तासांत नाही, उड्डाणांत मोजतात. मुंबई-गोवा असा तासाभराचा पल्ला दिवसातून अनेकदा मारणारं विमान, लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा तेवढ्याच तासांत कितीतरी पटींनी जास्त चक्रं खातं. पंखाचं गणित अधिक गुंतागुंतीचं. जमिनीवर पंख खाली लोंबतो, हवेत वर वाकतो, हे एक मोठं चक्र, आणि त्याच्यावर वाऱ्याच्या झोतांची शेकडो छोटी चक्रं. नौदलाच्या विमानाला त्यात जहाजावरच्या आदळत्या उतरण्याची आणि हुक ओढला जाण्याची भर.

खऱ्या कामात या सगळ्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे लहानमोठ्या चक्रांची यादी, तयार करतात. शिकताना मात्र एका उड्डाणाचं मिळून एक समतुल्य चक्र धरा. आपल्या उदाहरणात पंखाच्या खालच्या पत्र्याला दर उड्डाणाला शून्य ते १०० मेगापास्कल असं एक चक्र बसतं असं धरू. विमानाने सोसलाच पाहिजे असा कमाल भार, ज्याला लिमिट लोड म्हणतात, आला तर तिथला ताण २०० मेगापास्कल. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्याही विमानाचे नाहीत, आणि कुठल्याही विमानाला लावायचे नाहीत.

पायरी तिसरी: धातूचे गुण

दोन आकडे लागतात. पहिला म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, तडा असताना धातू किती सोसेल ते. पंखाच्या खालच्या बाजूला वापरतात त्या २०२४-टी३५१ अ‍ॅल्युमिनियमचा हा आकडा जाड पत्र्यात साधारण ३५ मेगापास्कल-रूट-मीटर असतो. ७०७५-टी६५१ चा २४ ते २९. गंमत म्हणजे नुसत्या ताकदीत ७०७५ वरचढ आहे. तरीही ताणल्या जाणाऱ्या खालच्या बाजूला २०२४ आणि दाबल्या जाणाऱ्या वरच्या बाजूला ७०७५ घराण्यातला मिश्रधातू, अशी वाटणी का रूढ झाली ते आकड्यांनिशी पुढे दिसेल. मोपाच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे अभियंते होते. आपल्याकडच्या मुलांनी ही शाखा दुय्यम समजू नये असं मला मनापासून वाटतं. विमानाच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग धातूत आहे.

दुसरा आकडा वाढीच्या वेगाचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल पॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दर चक्राला तडा किती वाढतो हे 'डेल्टा के' या एकाच राशीवर अवलंबून असतं. 'के' म्हणजे तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटला आहे त्याचं माप, आणि डेल्टा के म्हणजे एका चक्रात त्यात होणारा फरक:

के = वाय × ताण × वर्गमूळ (पाय × तड्याची लांबी)

'पाय' म्हणजे π, ३.१४. 'वाय' हा आकाराचा गुणक. कडेपासून सुरू होणाऱ्या तड्यासाठी तो १.१२. आणि पॅरिसचा नियम असा:

दर चक्राची वाढ = सी × (डेल्टा के चा एम वा घात)

अ‍ॅल्युमिनियमसाठी एम साधारण ३. सी आपण असा घेऊ की डेल्टा के १० असताना तडा दर चक्राला ०.०००१ मिलिमीटर वाढेल. हा नियम मधल्या टप्प्यातच चालतो. डेल्टा के फार लहान असेल तर तडा जवळजवळ वाढतच नाही, आणि टफनेसच्या जवळ गेला की नियमापेक्षा वेगाने धावतो.

पायरी चौथी: सुरुवातीचा दोष आणि घातक लांबी

सुरुवातीला १.२७ मिलिमीटरचा दोष धरा. इंचात ०.०५. अमेरिकी हवाईदलाने एफ-१११ नंतर भोकाच्या कोपऱ्यातल्या दोषासाठी हाच आकडा ठरवला, आणि तो पुढे सगळीकडे रुळला. सोपं जावं म्हणून आपण तो कडेचा आरपार तडा मानू.

आता घातक लांबी. लिमिट लोडला के जेव्हा ३५ ला पोहोचेल ती लांबी. १.१२ गुणिले २०० म्हणजे २२४. ३५ भागिले २२४ म्हणजे ०.१५६. त्याचा वर्ग करा, पायने भागा: ०.००७८ मीटर, म्हणजे ७.८ मिलिमीटर. तडा एवढा झाला आणि नेमका त्या दिवशी लिमिट लोड आला, तर पंख जाईल.

इथे बरेच जण अडखळतात. घातक लांबी काढताना ताण २०० घ्यायचा, आणि वाढ मोजताना १००. वाढ रोजच्या उड्डाणांनी होते, तुटणं एखाद्याच वाईट दिवशी होतं. दोन्हीकडे एकच ताण घेतलेली उत्तरपत्रिका गणितात बिनचूक असली तरी चुकलेलीच.

पायरी पाचवी: वाढीचा हिशेब

एम ३ असेल तर सूत्र हाताने सुटतं. उड्डाणांची संख्या अशी:

२ × (१ ÷ सुरुवातीच्या लांबीचं वर्गमूळ − १ ÷ शेवटच्या लांबीचं वर्गमूळ) ÷ (सी × (वाय × ताण) चा घन × पायचा दीड वा घात)

सगळ्या लांब्या मीटरमध्ये घाला. सी मीटरमध्ये म्हणजे १ भागिले १० चा दहावा घात. छेदाची किंमत ०.०००७८२ येते. १.२७ मिलिमीटरपासून ७.८ पर्यंत जायला सुमारे ४२,७०० उड्डाणं लागतात.

आता तेच स्प्रेडशीटमध्ये करा, कारण खऱ्या कामात सूत्र हाताने सुटत नाही. पहिल्या रकान्यात तड्याची लांबी, दुसऱ्यात डेल्टा के, तिसऱ्यात दर उड्डाणाची वाढ. ती ५०० ने गुणा, लांबीत मिळवा, खालच्या ओळीत उतरा. मग पायरी ५०० ऐवजी १०० ची करून पाहा. मोठ्या पायरीने आयुष्य खरं आहे त्यापेक्षा थोडं जास्त दिसतं, कारण पायरीच्या सुरुवातीचा हळू वेग तुम्ही पूर्ण पायरीभर वापरता. चूक धोकादायक दिशेला जाते, हे कायम लक्षात असू द्या. पायरी लहान केल्यावर उत्तर हलायचं थांबेपर्यंत लहान करत जायचं.

स्प्रेडशीट झाली की तिच्याशी खेळा. सुरुवातीला तडा दर उड्डाणाला ०.००००३५ मिलिमीटर वाढतो, शेवटी ०.०००५४, म्हणजे पंधरापट वेगाने. ४२,७०० पैकी २५,००० उड्डाणं तडा ३ मिलिमीटरचा होण्यातच जातात. रोजचा ताण नुसता १० टक्क्यांनी वाढवा: आयुष्य चौथाईने कमी, ३२,१०० वर. विमान थोडं जास्त वजनाने चालवल्याने काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर हे उत्तर द्या.

एक गुंता सांगून पुढे जातो. मध्येच एखादा मोठा झटका बसला तर तड्याच्या टोकाशी धातू कायमचा ताणला जातो, आणि पुढची काही चक्रं वाढ मंदावते. ऐकायला चांगलं वाटतं, पण कॉमेटला हेच भोवलं. अपघातांच्या आधी कॉमेटची जी चाचणी झाली तिचा सांगाडा आधी ताकद पाहण्यासाठी नेहमीच्या दुप्पट दाबापर्यंत नेला होता, आणि नंतर तोच फटीगच्या चाचणीला वापरला. त्या आधीच्या दाबामुळे तो हजारो चक्रं टिकला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना तसा दाब कधी दिलेला नव्हता. एल्बाजवळचं विमान १,२९० उड्डाणांत गेलं, नेपल्सचं ९०० च्या आसपास. म्हणून मंदावण्याचा फायदा हिशेबात धरायचा असेल तर चाचणीचा भक्कम पुरावा हवा. तो नसेल तर धरू नका.

पायरी सहावी: तुम्हाला किती लहान तडा सापडतो?

माझ्या मते संपूर्ण विषयाचं वजन इथे आहे. आतापर्यंतचं गणित धातूचं होतं. यापुढचं माणसाचं आहे.

डोळ्यांनी तपासताना रिव्हेटचं डोकं आड येतं. तडा भोकाच्या कडेपासून निघतो, पण डोक्याच्या बाहेर आल्याशिवाय दिसत नाही. वर रंग, सीलंट, मळ. समजा ५ मिलिमीटरचा झाल्यावर तो डोळ्यांना खात्रीने सापडतो. ५ पासून ७.८ पर्यंत उरतात ७,१५० उड्डाणं. एडी करंट प्रोबने (पत्र्यात विजेचे भोवरे उठवून तडा ओळखणाऱ्या उपकरणाने) तो ३ मिलिमीटरलाच सापडत असेल तर उरतात १७,७००. उपकरण आणि हात बदलल्यावर हाताशी असलेला अवधी अडीचपट झाला. विमान तेच, धातू तोच, तडा तोच.

याच्या शेजारी धातू बदलून पाहा. २०२४ च्या जागी टफनेस २८ असलेला ७०७५ घ्या, बाकी सगळं तसंच. घातक लांबी ७.८ वरून ५ मिलिमीटरवर येते. एकूण आयुष्य ३५,५०० म्हणजे सहाव्या हिश्श्याने कमी, फार वाईट नाही असं वाटेल. पण ३ मिलिमीटरपासून पुढचा अवधी १७,७०० वरून १०,४०० वर आला, आणि डोळ्यांनी तपासणाऱ्याला तर ५ मिलिमीटरचा तडा दिसेपर्यंत वेळच उरला नाही. कमी टफनेस तड्याच्या शेवटच्या टप्प्याला कात्री लावतो, आणि तपासणारा नेमका त्याच टप्प्यात काम करत असतो.

'मला १ मिलिमीटरचा तडा सापडला होता' हे वाक्य या हिशेबात चालत नाही. सापडलेला सगळ्यात लहान तडा महत्त्वाचा नसतो, निसटलेला सगळ्यात मोठा तडा महत्त्वाचा असतो. म्हणून वेगवेगळ्या तपासनिसांना तडे असलेले आणि नसलेले नमुने देऊन चाचणी घेतात, आणि जी लांबी ९० टक्के वेळा सापडते असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल तीच हिशेबात धरतात.

एडी करंट करताना पाळायच्या गोष्टी थोडक्यात. कॅलिब्रेशनचा ब्लॉक तपासायच्या भागाच्याच मिश्रधातूचा हवा, आणि त्यात ठरलेल्या खोलीची खाच हवी. प्रोब पत्र्यापासून जरा उचलला गेला तरी सिग्नल हलतो, तेव्हा हा लिफ्ट-ऑफ (उचलल्याचा परिणाम) आधी जुळवून घ्या आणि रंगाची जाडी सगळीकडे सारखी आहे ना ते पाहा. तडा ज्या दिशेला अपेक्षित आहे त्याच्या आडवा प्रोब फिरवा. पोलादी फास्टनरजवळ खोटे सिग्नल येतात. वरच्या पत्र्याच्या खालच्या थरातला तडा शोधायचा असेल तर कमी फ्रीक्वेन्सी लागते, आणि तेव्हा लहान तडे निसटणार हे मान्य करूनच चालायचं. पेनेट्रंट (तड्यात शिरणारं रंगीत द्रव) फक्त पृष्ठभागावर उघड्या असलेल्या तड्याला चालतो. आधी रंग काढावा लागतो, आणि घासून काढलात तर धातू पसरून तड्याचं तोंड बंद होतं. पोलादाला मॅग्नेटिक पार्टिकल, जाड भागाला अल्ट्रासोनिक.

रात्रीच्या पाळीत, शिडीवर मान वाकवून, पहाटेच्या उड्डाणाची घाई असताना दोनशेवं भोक तपासणाऱ्या माणसाचा हात पहिल्या भोकाइतका स्थिर नसतो. तपासणीचं नियोजन करणाऱ्याने उजेड, उभं राहण्याची जागा आणि विश्रांती यांना उपकरणाइतकंच महत्त्व द्यायला हवं. वरचा अडीचपटीचा हिशेब त्या माणसाच्या एकाग्रतेवर उभा आहे.

पायरी सातवी: वेळापत्रक

सापडण्याजोग्या लांबीपासून घातक लांबीपर्यंतची उड्डाणं घ्या आणि निदान दोनने भागा, म्हणजे पहिल्यांदा निसटला तर दुसरी संधी मिळते. भार जायला एकच वाट असेल तर तीनने. आपल्या उदाहरणात एडी करंटने दर ८,८०० उड्डाणांनी, डोळ्यांनी दर ३,५०० च्या आसपास. पहिली तपासणी कधी, तर सुरुवातीच्या दोषापासूनच्या आयुष्याच्या निम्म्यावर, म्हणजे २१,३०० उड्डाणांच्या आत. विमान कंपनीच्या मेंटेनन्स प्रोग्राममध्ये जे आकडे छापलेले दिसतात त्यांच्या पोटात असा हिशेब असतो. तो माहीत असला की 'दोन महिने पुढे ढकललं तर काय होतंय' असं म्हणायला जीभ उचलत नाही.

एक तडा नाही, वीस

वरचा सगळा हिशेब एकट्या तड्याचा. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढच्या भागातलं छत हवेत उडून गेलं. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, बाकी विमान कसंबसं उतरलं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, बेटाबेटांमधली छोटी छोटी. लॅप जॉइंटमधला चिकट थर सुटला होता, खाऱ्या हवेने आत गंज चढला होता, आणि रिव्हेटच्या ओळीत शेजारशेजारच्या भोकांतून बारीक तडे निघाले होते. एकेकटा कुठलाच तडा घातक नव्हता. सगळे एकमेकांना जाऊन मिळाले. विमानात चढताना एका प्रवासी बाईला पत्र्यात तडा दिसला होता, पण ती कुणाला बोलली नाही.

अशा वेळी एकट्या तड्याची घातक लांबी काढून उपयोग नाही. दोन भोकांच्या मधला धातू किती उरला ते मोजावं लागतं, आणि तो झपाट्याने संपतो. म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत नियम आला: प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानाच्या प्रकाराला उड्डाणांची एक मर्यादा, जिच्यापुढे तपासण्यांच्या भरवशावर विमान उडवायचं नाही. स्प्रेडशीटमध्ये ही गोष्ट करून पाहायची असेल तर २५ मिलिमीटर अंतरावरच्या भोकांतून दोन्ही बाजूंनी तडे वाढवा. पहिले दोन भेटले की त्यांची आणि भोकांची मिळून एकच लांबी धरा. पुढच्या ओळीत डेल्टा के कसा उडी मारतो ते स्वतः पाहा.

गोव्याची हवा

हवाईची गोष्ट आपल्याला जवळची आहे. दाबोळीचा पठार समुद्राला लागून आहे. जूनच्या पहिल्या सरीपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) इथे पत्रा क्वचितच पूर्ण कोरडा होतो. दिवसाला एकदा येऊन तासाभरात परत जाणाऱ्या विमानाचं फारसं बिघडत नाही. इथेच राहणाऱ्या विमानांचं मात्र वेगळं.

तड्याचं घड्याळ उड्डाणांवर चालतं, गंजाचं महिन्यांवर. विमान उभं असतानाही गंज चालूच असतो. गंजाचा खड्डा सुरुवातीच्या १.२७ मिलिमीटरच्या दोषाची जागा घेतो, कधी त्याहून मोठा होतो, आणि जिथे ड्रिलच चाललं नव्हतं अशा ठिकाणीही तयार होतो. शिवाय ओलसर, खाऱ्या हवेत तडा कोरड्या हवेपेक्षा वेगाने वाढतो. स्प्रेडशीटमध्ये सी दुप्पट करा: आयुष्य बरोबर निम्मं. वर उंचावर हवा थंड आणि कोरडी असते हे खरं, पण उड्डाणाचं मोठं चक्र जमिनीलगतच सुरू होतं आणि जमिनीलगतच संपतं.

म्हणून समुद्रकाठी तपासण्यांना उड्डाणं आणि महिने अशी दुहेरी मर्यादा हवी, जी आधी येईल ती. व्यवहारात पाहायच्या जागा: पोटाखालची पाणी निचरणारी भोकं तुंबलेली नाहीत ना, शौचालय आणि गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) फरशीखालची चौकट, चाकांच्या खोबणी, बिजागऱ्या, रिव्हेटच्या डोक्याभोवती पत्रा फुगल्यासारखा दिसतो का. रिव्हेटच्या मागे काळसर शेपूट ओढल्यासारखी दिसली तर रिव्हेट सैल होऊन घासतोय, लगेच नोंद करा. गोड्या पाण्याने धुणं आणि गंजरोधक फवारा ही कामं दिसायला हलकी आहेत. त्यांनी तड्याची सुरुवातच पुढे ढकलली जाते, आणि ते काम दुसरं कुठलंही उपकरण करू शकत नाही.

दुरुस्ती म्हणजे नवा हिशेब

तडा सापडला की तो कापून वर डबलर, म्हणजे जास्तीचा पत्रा, रिव्हेट करतात. तिथून नव्या भोकांची, नव्या ताणांची आणि झाकल्या गेलेल्या जुन्या पत्र्याची नवीच गोष्ट सुरू होते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ चा मागचा प्रेशर बल्कहेड फुटला आणि ५२० माणसं गेली. त्याच्या सात वर्षं आधी शेपूट धावपट्टीला घासल्यावर केलेल्या दुरुस्तीत, जोडपट्टी एकसंध न बसवता तुकड्यांत बसवली गेली, त्यामुळे एका ठिकाणी रिव्हेटच्या दोन ओळींनी वाहायचा भार एकाच ओळीवर आला होता. २५ मे २००२ रोजी चायना एअरलाइन्सचं ७४७ तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेत तुटलं, २२५ माणसं गेली. तिथेही १९८० मध्ये शेपूट घासली होती. ओरखडे पूर्ण न काढता वर डबलर बसवला गेला. तडा त्या डबलरखाली बावीस वर्षं झाकलेला राहिला.

तेव्हा उद्या तुमच्या हाताखाली तडा आला, तर हा क्रम ठेवा. टोकं कुठे आहेत ते एडी करंटने ठरवा, डोळ्यांना जिथे संपलेला दिसतो त्याच्या पुढे तो असतोच. लांबी, दिशा, जवळच्या फ्रेम आणि स्ट्रिंजरचा (सांगाड्याच्या आडव्या कड्या आणि लांब पट्ट्या यांचा) क्रमांक, विमानाची त्या दिवसापर्यंतची उड्डाणं आणि तास लिहा, आणि पट्टी ठेवून फोटो काढा. टोकाशी भोक पाडून तडा थांबवणं मॅन्युअलमध्ये त्या जागेसाठी लिहिलेलं असेल तरच करा, नाहीतर टोकाची खूणच नाहीशी होते आणि तडा भोकाच्या पलीकडून पुन्हा निघतो. दुरुस्ती स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधल्या आकृतीशी जुळत नसेल तर निर्मात्याकडून मंजुरी येईपर्यंत विमान उभं राहील. डबलर बसवायच्या आधी खालचा जुना ओरखडा, खड्डा, गंज पूर्ण काढला आहे हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण नंतर तो कुणालाच दिसणार नाही. दुरुस्तीसोबत त्या जागेची पुढची तपासणी कधी आणि कुठल्या पद्धतीने, हे लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर सही करू नका. आणि विरुद्ध बाजूच्या पंखावरची तीच जागा त्याच दिवशी तपासा, तिलाही तेवढीच चक्रं बसलेली आहेत.